गाडी आमची, कार्बोरेटर दुसऱ्याचा

आमच्या आण्णांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. 1993 चं मॉडेल, एमएच 11 पासिंग. गाडीवर नाव पद्मिनी असलं तरी साताऱ्यात सगळे तिला फियाटच म्हणतात. आण्णा रयतच्या शाळेत शिक्षक होते. 1999 साली त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी ते ती स्वतः धुतात. आता त्यांचं वय 78 आहे, पण रविवार चुकत नाही. या गाडीच्या निमित्ताने आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहितोय. जुनी गाडी सांभाळणारे बरेच जण आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणावरही ही वेळ येऊ शकते.

मागच्या सप्टेंबरात आम्ही कासला निघालो होतो. फुलांचे दिवस, आई मागे बसलेली, सोबत डबा. समर्थ मंदिरापासून चढ लागतो तिथपर्यंत गाडी उत्तम होती. यवतेश्वरचा घाट निम्मा चढलो आणि गाडी झटके मारायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की आणखी मरायची. शेवटी बंदच पडली. वीस मिनिटं थांबलो, सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. पुन्हा दोन किलोमीटरवर तेच. आम्ही तिथूनच मागे फिरलो. उताराला आणि शहरात काही त्रास नाही, आयडलिंग घड्याळासारखं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच येतं: उभी असताना गाडी उत्तम, चढाला जोर लागला की उपाशी.

आमचा नेहमीचा मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारला. ओळखीतल्या एकाने शहरातल्या एका गॅरेजचं नाव सुचवलं, ‘जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट’ म्हणून. नाव मी इथे लिहीत नाही. माणूस बोलायला अतिशय गोड. बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, कार्बोरेटर पूर्ण चोक झालाय. सोलेक्स आहे, केमिकलमध्ये दोन दिवस बुडवावा लागेल. गाडी राहू दे, मी घरी पोहोचवतो.” (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, सोलेक्स हा त्याचा मेक.) मी गाडी ठेवून आलो. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. कार्बोरेटरचा फोटो काढला नाही, त्यावरचा नंबर टिपला नाही, कागदावर काही लिहून घेतलं नाही.

दोन दिवसांनी गाडी आली. कार्बोरेटर चांदीच्या रंगासारखा चकचकीत. 2,200 रुपये रोख दिले. पावती म्हणजे डायरीतून फाडलेली चिठ्ठी, त्यावर ‘कार्ब सर्व्हिस’ एवढेच दोन शब्द.

आणि गाडी आधीपेक्षा बिघडली. आता उभ्या उभ्याही आयडलिंग वरखाली व्हायचं, सिग्नलला बंद पडायची, सायलेन्सरमधून काळा धूर. घाटातला त्रास तर तसाच राहिला. पुन्हा नेली. आता तो म्हणाला, “कार्ब ओके आहे सर, इग्निशनचा लोचा दिसतोय.” पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, चारही प्लग, म्हणजे ठिणगीचं सगळं सामान बदललं. 4,600 रुपये. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

तिसऱ्या खेपेला त्याने एक प्लग काढून माझ्या हातात ठेवला. टोक काळं कुळकुळीत. “बघा सर, इंजिन ऑइल खातंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन बसलं. हाफ इंजिन करावं लागेल.” म्हणजे इंजिन उघडून आतलं झिजलेलं सामान बदलायचं. खर्च 42,000 सांगितला, त्यातले 15,000 अॅडव्हान्स. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवरून पाठवले. गाडी सोमवारी त्याच्याकडे सोडायची ठरली.

त्या प्लगबद्दल आज मला जे कळतं ते तेव्हा कळत असतं तर मी तिथूनच परत आलो असतो. त्या टोकावरची काजळी कोरडी होती, बोटाने पुसली की दिव्याच्या काजळीसारखी हाताला लागायची. कोरडी काजळी आणि काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन ऑइल खात असेल तर प्लग ओला आणि चिकट निघतो आणि धूर निळसर असतो. त्याने हातात ठेवलेला प्लग खरं तर त्याच्याच कार्बोरेटरविरुद्धचा पुरावा होता. त्याने तोच इंजिनावर ढकलला.

रविवारी सकाळी आण्णा गाडी धूत होते. त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. “अरे, हा आपला कार्ब नाही.” मी म्हणालो, आण्णा, त्याने पॉलिश केलाय, म्हणून वेगळा वाटतोय. त्यांनी मान हलवली आणि वरच्या झाकणाच्या स्क्रूवर बोट ठेवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी या झाकणाचा एक स्क्रू हरवला होता. आण्णांनी घरातल्या बंद पडलेल्या रेडिओचा पितळी स्क्रू कानशीने घासून तिथे बसवला होता. बाकीचे स्क्रू पोलादी, हा एक पिवळा. मी लहानपणापासून बघत आलोय. आता सगळे स्क्रू एकसारखे, पांढरे. पिवळा नाही.

मी तरीही म्हणालो, त्याने स्क्रू बदलला असेल. आण्णा काही बोलले नाहीत, बादली उचलून आत गेले. त्यांच्या त्या गप्प बसण्यानेच मी जागा झालो.

सोमवारी गाडी गॅरेजला न नेता मी कोरेगावच्या एका वयस्कर मिस्त्रींना घरी बोलावलं. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत टॅक्सीच्या फियाट दुरुस्त करण्यात घालवली. त्यांनी इंजिन चालूसुद्धा केलं नाही. एअर फिल्टर काढला, थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरला आणि वरखाली हलवला. टक टक आवाज आला. “हे बघा, स्पिंडल किती खेळतोय. इथून हवा आत जाते, मग आयडलिंग कसं लागेल? ते लपवायला त्याने मिक्श्चरमध्ये पेट्रोल वाढवून ठेवलंय, म्हणून काळा धूर. हा घासून संपलेला कार्ब आहे, वरून फक्त चांदीचा रंग मारलाय.” मग त्यांनी मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा स्क्रू, काढून उजेडात धरला. जेटवरच्या खाचा चेपल्या होत्या, कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने आधी अनेकदा उघडलेला.

मी विचारलं, जुना कार्बोरेटर चोरून कुणाला काय फायदा? ते म्हणाले, “मुंबईत टॅक्सी होत्या तोवर या मालाला तोटा नव्हता. आता चांगला सोलेक्स मिळवायला लोक वणवण करतात. हौशी लोक गाड्या परत उभ्या करतात, त्यांना ओरिजनलच लागतो.” काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, हे आपल्याला बातमीतून माहीत होतं. त्याची झळ सातारच्या आमच्या बॉनेटखाली लागेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावलं. गॅरेजवाल्याने ते एकदाही लावलं नव्हतं. चारही सिलिंडर 125 ते 130 पौंडांच्या दरम्यान, एकमेकांच्या जवळ. रिंगा गेलेल्या इंजिनाचे आकडे असे एकसारखे आणि चांगले येत नाहीत. 42,000 चं काम त्या चार आकड्यांत संपलं.

राहिला मूळ आजार, घाटातला. मिस्त्रींनी दवाखान्यातली सलाइनची रिकामी बाटली मागवली, तिच्यात पेट्रोल भरलं, बॉनेटजवळ उंच बांधली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. टाकी आणि एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप) दोन्ही वगळले. (हे घरी स्वतः करू नका, गरम इंजिनाजवळ उघडं पेट्रोल म्हणजे आगीशी खेळ आहे. त्यांनी शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवला होता आणि बाटली वायरने घट्ट आवळली होती.) गाडी यवतेश्वरच्या चढाला नेली, सेकंड गिअरमध्ये, पूर्ण जोरात. खराब कार्बोरेटर असूनही एकही झटका नाही. म्हणजे आजार कार्बोरेटरच्या अलीकडे, टाकी ते पंप या वाटेवर.

घरी येऊन ते गाडीखाली शिरले. टाकीच्या पोलादी पाइपाला जोडणारा वीतभर रबरी नळीचा तुकडा काढला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून नळी ठीक दिसत होती, पण आतला थर सुजून सुटला होता, सायीसारखा लोंबत होता. पंपाने जोरात ओढलं की तो पापुद्रा आडवा येऊन वाट बंद करायचा. गाडी थांबली, ओढ थांबली की पुन्हा बाजूला व्हायचा. म्हणून वीस मिनिटांनी गाडी चालू! हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. आमच्या गाड्यांच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, पॅकिंग, सगळं त्याने सुजतं किंवा चिरतं. जुनी गाडी असेल तर इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्या, बिघाडाची वाट बघू नका. आमच्या नळीला क्लिपांसकट 240 रुपये लागले. 240.

संध्याकाळी मी गॅरेजला गेलो. आण्णाही आले, नको म्हटलं तरी. गॅरेजवाला आधी हसला, मग म्हणाला, “गाडीला हाच कार्ब होता सर. आण्णांचं वय झालंय, त्यांना आठवत नसेल.” आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या माणसाच्या तोंडावर त्याने हे म्हटलं. आण्णांचा हात काठीवर थरथरताना मी पाहिला. पैशाचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

अॅडव्हान्स मागितला तर म्हणाला, माल आणून झाला, आणि रिंगांचा डबा पुढे केला. डब्यावर ओव्हरसाइज लिहिलेलं, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरला लागणारं मोठं माप. मिस्त्री सोबत होते, त्यांनी शांतपणे विचारलं, “हेड उघडलं नाही, सिलिंडरचा बोअर, आतला व्यास मोजला नाही, मग ओव्हरसाइज रिंगा कशा आणल्या? या इंजिनाचा मूळ बोअर 68 मिलिमीटर आहे, तो किती झिजलाय हे तुम्हाला कसं कळलं?” त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मी त्याला मोबाईलवर पाठवलेल्या 15,000 चा मेसेज दाखवला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो म्हणालो. दोन दिवसांनी 10,000 परत आले. बाकीचे 5,000 आणि आधीचे 6,800, म्हणजे 11,800 गेले. परत मिळालं ते केवळ मोबाईलवरच्या व्यवहाराची नोंद होती म्हणून. रोख दिलेल्या पैशांना डायरीच्या चिठ्ठीखेरीज काही पुरावा नाही. कुणावर असा प्रसंग आला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण त्यासाठी पक्कं बिल हातात हवं, त्यावर गाडीचा नंबर आणि बदललेल्या प्रत्येक पार्टचं नाव हवं. आणि काढलेला जुना पार्ट त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणा, भंगार असला तरी. कार्बोरेटर उघडून द्यायचा असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि एका कोपऱ्यात स्वतःची छोटी खूण करा. आण्णांची खूण नसती तर आजही मी हाच आपला कार्बोरेटर म्हणून चालवत राहिलो असतो.

आणखी एक. कुणी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो) बदलायचं म्हणालं तर आरसी बुकातला इंजिन नंबर आठवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं आणि तिथे नंबर जुळला नाही तर गाडीच अडकते.

आता गाडी चालते. मिस्त्रींनी लेथवर पितळी बुश करून घेऊन त्या घासलेल्या कार्बोरेटरचा स्पिंडल घट्ट बसवलाय. गेल्या महिन्यात आम्ही आई-आण्णांना घेऊन कासपर्यंत गेलो, एकदाही न थांबता. आण्णा मात्र बॉनेट उघडलं की अजून झाकणाकडे बघतात.

सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागात सप्टेंबरनंतर कुणी पद्मिनीसाठी जुना सोलेक्स विकत घेतला असेल आणि त्याच्या झाकणाच्या स्क्रूंपैकी एक पिवळा, पितळी, डोकं थोडं तिरकं घासलेला असेल, तर तो आण्णांचा आहे. तुम्ही दिलेली किंमत मी देतो, वर आमचा हा कार्बोरेटरही देतो. तो स्क्रू एकदा आण्णांच्या हातात द्यायचाय.