बास गिटार विकताना फसलो, तुम्ही सावध राहा

मी मिरजेत राहतो. गणपती-नवरात्रात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. मुलीच्या होस्टेलची अनामत भरायची होती म्हणून माझी पाच तारांची आयबानेझ कंपनीची बास गिटार विकायला काढली. गिटार गेली, 22 हजारांतला फक्त एक रुपया हातात आला. कसं झालं ते सगळं सांगतो, कारण जुनं वाद्य विकणारा कुणीही यात अडकू शकतो.

तंबोरा आणि सतारीसाठी मिरजेत जगभरातून गिऱ्हाईक येतं, पण पाच तारांची इलेक्ट्रिक बास विचारणारं कुणी नाही. म्हणून ऑनलाइन जाहिरात दिली. बारा वर्षं वाजवलेलं वाद्य, त्यामुळे सगळे दोष लिहिले: पहिले पाच फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजलेत, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरतं, केबल लावून ठेवली तर नऊ व्होल्टची बॅटरी उतरते.

पहिला फोन 'लष्करात आहे, बदली झालीय' म्हणणाऱ्याचा. न बघताच सांगितलेली किंमत मान्य केली आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, हे मला माहीत होतं. फोन ठेवून दिला. चोर ओळखता येतो, असा विश्वास मला तिथे बसला आणि दुसऱ्याच्या वेळी तोच नडला.

दुसरा मुलगा रविवारी संध्याकाळी घरी आला. पंचविशीचा, नम्र. 'दादा, आधी वाजवून बघू का?' म्हणाला. अ‍ॅम्पला जोडून त्याने थेट पाचवी तार छेडली. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा सूर ई, साधारण 41 हर्ट्झचा, पाचवीचा बी 31 च्या आसपास. तो सूर कानापेक्षा फरशीतून जास्त कळतो. स्वस्त गिटारीवर ही तार नुसती फडफडते, माझ्या गिटारीवर घट्ट लागायची. तो थांबला, तार तळव्याने दाबली आणि म्हणाला, 'खालचा बी काय लागतोय, दादा!' बारा वर्षांत हे कुणी ओळखून बोललं नव्हतं. मी तिथेच विरघळलो. चहा झाला. मीच गिटारीची मान धरून फ्रेटची झीज दाखवली, ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) कुठे किती फिरवायचा ते समजावलं.

मग पैशांचं. त्याने यूपीआयने एक रुपया पाठवला, तो आला. पुढे म्हणाला, मोबाइल कालच बदललाय, चोवीस तास पाच हजारांच्या वर जात नाही, भाऊ एनईएफटीने, म्हणजे थेट बँक खात्यातून खात्यात, पाठवेल. मोबाइल बदलल्यावर अशी मर्यादा असते, मी स्वतः भोगलीय. खाते क्रमांक दिला. पाच मिनिटांत भावाची पावती त्याच्या मोबाइलवर आली. माझ्या ॲपमध्ये काहीच जमा नव्हतं. तो म्हणाला, एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्याने जातं. तेही खरं. डिसेंबर 2019 पासून ही सेवा चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि गठ्ठ्यांनीच चालते. थोड्या वेळाने मला मेसेज आला: शेवटचे चार आकडे अमुक असलेल्या खात्यात 21,999 रुपये जमा. आकडे माझेच होते. ॲप पुन्हा उघडलं नाही. उलट गिगबॅगच्या, म्हणजे गिटारीच्या पिशवीच्या, खिशात ॲलन की आणि तारांचा नवा सेट घालून दिला.

रात्री दहाला शिल्लक पाहिली. सकाळीही तेवढीच. बँकेतल्या बाईंनी पावतीचा फोटो पाहताच दोन गोष्टी दाखवल्या. एनईएफटीचा व्यवहार क्रमांक अक्षरं धरून सोळा खुणांचा असतो, पावतीवर बारा आकडे होते. बारा आकडी क्रमांक यूपीआयचा असतो. आणि तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो. खात्याचे आकडे मीच दिले होते, माझा मोबाइल नंबर जाहिरातीत होता. रविवार त्याने का निवडला, तेही कळलं. बँकेत विचारायची सोय नव्हती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. खात्यातून पैसे गेले असतील तर तिथे तासाभराचाही उशीर करू नका, पुढे सरकलेली रक्कम गोठवता येते. माझ्याकडून मात्र पैसे नव्हे, वस्तू गेली होती, त्यामुळे पोलीस ठाणं गाठलं. भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखाली, म्हणजे लोक अजून 'चारशेवीस' म्हणतात त्याखाली, तक्रार घेतली. पहिला प्रश्न होता सिरीयल नंबरचा. तो कधी लिहूनच ठेवला नव्हता. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागच्या बाजूचा एकच फोटो होता, तोही हललेला. वाद्य विकायचं नसलं तरी आजच तो नंबर लिहून ठेवा.

जुनी वस्तू विकताना माणूस मनातून थोडा ओशाळलेला असतो. आपला माल खरा आहे हे पटवण्यात मी इतका गुंतलो की समोरच्याचे पैसे खरे आहेत का, हे तपासायला संकोच वाटला. तो संकोच करू नका. पावती, मेसेज, समोरच्याचा मोबाइल यांतलं काही खरं धरू नका. स्वतःच्या ॲपमध्ये स्वतःची शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत वाद्य त्याच्या हाती सोपवायचं नाही. घाई असेल तर त्याला उद्या बोलवा. खरा वाजवणारा येतो. मी स्वतः ही गिटार घ्यायला पुण्याला दोनदा गेलो होतो.

गिटारीच्या खुणा देतो. रंग गडद तपकिरी. खालच्या शिंगाचा (मानेजवळच्या टोकाचा) बोटभर टवका उडालाय, आतलं लाकूड दिसतं. मागे पट्ट्याच्या बकलने घासून पडलेला तळहाताएवढा पांढुरका डाग. चार बटणांपैकी व्हॉल्यूमचं बटण वेगळं आहे, जुन्या रेडिओचं, काळं, कडेला खाचा असलेलं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठेही दुकानात किंवा कुणाच्या गळ्यात दिसली तर भांडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. ज्याच्याकडे असेल तोही माझ्यासारखाच फसलेला असू शकतो.