विमानात दुखापत झाली तर गोव्यात कोणता वकील धरावा?

दाबोळी किंवा मोपाच्या विमानात इजा झाली की गोव्यातल्या माणसापुढे तीन प्रकारचे वकील असतात. मोटार अपघाताचे दावे लढवणारे, ग्राहक आयोगात नेहमी उभे राहणारे आणि मुंबई-दिल्लीतले हवाई कायद्याचे जाणकार. देशांतर्गत प्रवासातल्या बऱ्याचशा दुखापतींसाठी आमची पसंती दुसऱ्या प्रकाराला आहे. कायमचे अपंगत्व आले असेल किंवा प्रवास परदेशाचा असेल, तर तिसऱ्याचा सल्ला घेतलाच पाहिजे.

मोटार दाव्यांचे वकील कसलेले असतात, पण तो साचा इथे चालत नाही. इथे 1972 चा हवाई वाहतूक कायदा लागतो आणि 2009 पासून मॉन्ट्रियल करार, म्हणजे विमान कंपन्यांची भरपाईची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार, त्याचा भाग आहे. ठरावीक रकमेपर्यंत कंपनीचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागत नाही. विमानात किंवा चढता-उतरताना अपघात घडला आणि त्यातून शरीराला इजा झाली, एवढे दाखवावे लागते. हादऱ्यात आपटलेले डोके, अंगावर सांडलेला उकळता चहा, वरच्या कप्प्यातून पडलेली बॅग हे त्यात बसते. दाबोळीला 27 डिसेंबर 2016 रोजी जेट एअरवेजचे विमान धावपट्टीवरून घसरले आणि घाईने बाहेर पडताना काही प्रवासी जखमी झाले. तसली दुखापतही बसते. नुसता मानसिक धक्का मात्र बसत नाही.

वकिलाची खरी परीक्षा मुदतीच्या प्रश्नावर होते. विमान पोहोचल्यापासून, किंवा पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर हक्कच संपतो. ग्राहक कायद्यात उशीरमाफीची सोय आहे, म्हणून ‘उशीर झाला तर माफीचा अर्ज टाकू’ असे सहज सांगणारा वकील या कामाला नको. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही, आणि या समजुतीने दावा बुडू शकतो.

चांगला वकील आधी तिकीट मागतो. समजा मोपा–मुंबई–लंडन एकाच बुकिंगवर आहे आणि इजा मुंबईच्या टप्प्यात झाली. तो टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो. मग निष्काळजीपणा न दाखवता मिळू शकणाऱ्या भरपाईची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर जाते. हीच दोन तिकिटे वेगवेगळी काढली असती, तर मुंबईपर्यंतच्या प्रवासाला देशांतर्गत प्रवासासाठीच्या 2014 च्या सरकारी अधिसूचनेतली 20 लाख रुपयांची मर्यादा लागू झाली असती. हे आकडे म्हणजे हमखास हाती पडणारी रक्कम नव्हे. उपचार, बुडालेला पगार, पुढची शस्त्रक्रिया हे सगळे कागदाने दाखवावे लागते. आखाताचे जाऊन-येऊन तिकीट गोव्यातून निघाले असेल तर प्रवासाचे अंतिम ठिकाण गोवाच ठरते, तेव्हा दावा भारतात चालतो. हे न विचारता फी सांगणाऱ्याकडून उठून यावे.

ग्राहक आयोगात अधिकारक्षेत्र ठरते ते तिकिटासाठी दिलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणून मोठी मागणीही जिल्हा आयोगात करता येते, तीही राहत्या जिल्ह्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकिलाशिवायही उभे राहता येते. उणीव अशी की पुरावा गुंतागुंतीचा असेल तर आयोग दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवू शकतो. पाठीच्या मणक्याची जुनी तक्रार आधीपासून असेल तर हे आधीच बोलून घ्यावे.

कागदांबाबत वकील जितका चिकट तितका बरा. बोर्डिंग पास, आसन क्रमांक, शेजारच्या प्रवाशाचा फोन नंबर, केबिन क्रूने केलेल्या नोंदीची लेखी मागणी. बांबोळीला किंवा म्हापशाच्या इस्पितळात गेलात तर केस पेपरवर ‘पडल्याने’ एवढेच लिहू देऊ नका. ‘अमुक तारखेच्या विमानात, बॅग डोक्यावर पडून’ असे लिहवून घ्या. कंपनीचा वकील पहिला हल्ला याच ओळीवर करतो. ‘फुल अँड फायनल’ छापलेल्या पावतीवर वकिलाने पाहिल्याशिवाय सही नको.

मिळालेल्या रकमेतला टक्का मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. विमानतळावर किंवा इस्पितळात कार्ड वाटत फिरणारा दलालही नियमात बसत नाही. फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या: नोटीस, दाखल करणे, पुरावा, युक्तिवाद. मुंबईचा वकील असेल तर प्रवासखर्च वेगळा लिहून घ्या. वकालतनाम्यात तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार छापलेला असतो. चेक तुमच्याच नावाने निघेल असे पक्के करा.

काम न पटल्यास हिशेब चुकता करून फाईल परत घ्या आणि जुन्या वकिलाची नाहरकत घेऊन नवा वकालतनामा द्या. वकिलाने मुदत घालवली तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ठरवले आहे. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते आणि नुकसान दिवाणी न्यायालयात मागावे लागते.