‘हँडमेड’ कोल्हापुरी आणि अण्णांचा डावा पाय

“मॅडम, हँडमेड आहे ना, थोडं उन्नीस-बीस होणारच.”

गेल्या सप्टेंबरात हे वाक्य मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा अण्णांच्या पायाला ड्रेसिंग चालू होतं. पैसे गेले ते 3,800. मोठी रक्कम नाही, पण ज्या पद्धतीने गेले ते सांगण्यासारखं आहे. कारण पूर्ण खोटं असं त्या ऑनलाइन चप्पल विकणाऱ्यांनी फार थोडं सांगितलं. बरंचसं खरंच सांगितलं आणि त्यातच मला अडकवलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे कागलकडचे. नोकरीनिमित्त नाशिकला आले आणि इथलेच झाले, पण बोली आणि चपलेचा शौक दोन्ही तिकडचे राहिले. तरुणपणी पायात कापशीच असायची, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार. पुढे स्कूटरवरून पडून डावा पाय मोडला, हाड जुळलं पण चवडा पसरला. उजव्यापेक्षा डावा पाय जवळजवळ बोटभर रुंद. दुकानातली तयार चप्पल उजव्याला बसली तर डाव्याला चावते, डाव्याला बसली तर उजव्यातून निसटते. पंचाहत्तरीला त्यांना मापावर केलेली कापशी द्यायची, असं मी मनाशी ठरवलं होतं.

वेळही तशी आली. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्यानंतर माझ्या फोनवर कोल्हापुरीच्या जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. त्यातली एक फारच गोड होती. सुरकुतलेले हात पट्ट्याची चामडी वेणी विणतायत, मागे हलगी वाजतेय, आणि खाली ओळ: “थेट कारागिराच्या हातून, तुमच्या पायाच्या मापाने.” भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे वस्तू तिच्या मूळ भागातलीच असल्याच्या सरकारी ओळखीचं, चित्रही चिकटवलेलं. (हाच व्हिडिओ मला नंतर आणखी दोन विक्रेत्यांच्या ऑनलाइन पानांवर दिसला. हात तेच, नावं वेगळी.)

मेसेज केला तर पाच मिनिटांत उत्तर. ए-फोर कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, फोटो पाठवा. मी अण्णांना कॉटवर बसवलं, खाली कागद ठेवले आणि दोन्ही पावलं काढली. लाल पेनने लिहिलं: डावा पाय रुंद आहे, कृपया लक्ष द्यावे. उत्तर आलं, “नोटेड मॅडम.” त्या ‘नोटेड’वर मी सगळे पैसे आगाऊ पाठवले. मापाचा कागद मागतोय म्हणजे माणूस खरा, एवढाच माझा हिशोब.

अकराव्या दिवशी पार्सल दारात. महिना ऑगस्ट. इथेच मला थांबायला हवं होतं. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात, त्यालाच आठवडे जातात. चप्पल करतानाही ती मध्येमध्ये वाळवावी लागते, आणि ऊन नसेल तर वाळायची कशी? पावसाळ्यात कारागिरांकडे काम मंदावतं ते म्हणूनच. शिवाय पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता तिसऱ्याच राज्यातला. कोल्हापुरीचं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे आणि ते आठच जिल्ह्यांपुरतं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. पत्ता पाहून मी स्वतःचीच समजूत काढली, गोडाऊन असेल.

चप्पल दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. जरीचा गोंडा, चकचकीत तपकिरी रंग, पट्ट्यावर बारीक नक्षी. अण्णांनी हातात घेतली, उलटी केली, जरा वाकवली आणि नाकाला लावली.

“वास न्हाई येत.”

“आता वास नसतो अण्णा, प्रोसेस केलेलं असतं सगळं.”

कापशी घालून आयुष्याची पंचवीस वर्षं चाललेल्या माणसाला मी हे शिकवलं.

वाढदिवसाच्या दिवशी ते अर्धा दिवस ती घालून फिरले. संध्याकाळी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड. मी फोटो पाठवला. उत्तर: “कोल्हापुरी सुरुवातीला चावतेच मॅडम. पट्ट्याला आतून तेल लावा, आठ दिवस वापरू द्या, सैल होईल.” आता हे कुणाला माहीत नाही? कोरी कोल्हापुरी चावते, तेल प्यायली की मऊ पडते आणि मग पायाचा आकार घेते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तेल लावलं. ते पट्ट्यावर तसंच थांबलं, फडक्याने पुसावं लागलं. तरी माझी ट्यूब पेटली नाही. आठ दिवसांनी पुन्हा तक्रार केली तेव्हा कळलं की तक्रारीची मुदत सात दिवसांची होती. आणि तसंही, “तुमच्या मापाने बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही.”

अण्णांना साखर आहे. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. डॉक्टरांनी अण्णांना नाही, मला झापलं. साखरेच्या पेशंटला अंगठ्याची उघडी चप्पल कुणी घेऊन देतं का? पायाची संवेदना कमी झालेली असते, चावतंय हे त्यांना वेळेवर कळतच नाही. ही चूक विकणाऱ्याची नाही, माझी. ती कबूल करूनच पुढे लिहितेय.

चप्पल मग दाराबाहेर पडून होती. एके दिवशी पावसाचं पाणी आत आलं आणि टाच फुगली. संध्याकाळपर्यंत तिचे पदर भिजलेल्या वहीसारखे सुटले. मी कोपरा उचलला तर आत छापलेला आकडा: ९. मापावर केलेल्या चपलेत नंबर कशाला? मग सुचलं म्हणून दोन्ही चपला तळाला तळ लावून धरल्या. डावी-उजवी तंतोतंत सारखी, दोऱ्याचाही फरक नाही. लाल पेनने लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं. तो कागद मागवला होता तो माप घेण्यासाठी नव्हे, तर ‘मापाची वस्तू, परत नाही’ असं म्हणता यावं म्हणून. हे डोक्यात शिरलं तेव्हा पैशांपेक्षा जास्त राग आला.

नोव्हेंबरात एका लग्नासाठी कोल्हापूरला गेले तेव्हा ती चप्पल पिशवीत घालूनच नेली. आमचे हे म्हणाले, लग्नाला फाटकी चप्पल कोण नेतं? महाद्वार रोडची खरेदी उरकली आणि मी रिक्षा करून सुभाषनगरला गेले. तिथे घराघरातून हे काम चालतं. ओळखीने एका कारागिरांकडे पोचले. सत्तरीचे असावेत, सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. ओसरीत मावशी वेणी विणत बसल्या होत्या, तोंड गप्पांत आणि बोटं आपली चालूच.

मामांनी चप्पल हातात घेतली, टाचेवर नख मारलं आणि हसले. “फाडू का?”

“फाडा.”

कातडं कापायची रापी घेतली आणि एका ओढीत तळ उभा चिरला. मग एकेक पदर बोटाने सोलून फरशीवर मांडला. सगळ्यात वर पापडासारखं पातळ कातडं. हे खरं कातडंच होतं, पण कातड्याचा खालचा पदर, वरून रंग थापून छाप मारलेला. म्हणजे जाहिरातीतलं ‘जेन्युइन लेदर’ शब्दशः खोटंही नाही, बघा. त्याच्या खाली करडा पुठ्ठा. मामा म्हणाले, हा चामड्याचा भुसा दाबून केलेला, लेदर बोर्ड म्हणतात, पाणी लागलं की संपला. त्याच्याखाली रबराची शीट. टाचेत चार चुका, म्हणजे बारीक खिळे. कडेने दिसणारी शिलाई नुसती शोभेची. दोरा नायलॉनचा, आणि तो फक्त वरच्या पदरातून गेलेला. पट्टा उलटा केला तर आत कापडाची वीण दिसली. रेक्झिन. तेल प्यायला तिथे कातडं होतंच कुठे?

मग त्यांनी शेजारची, अर्धवट झालेली एक चप्पल माझ्या हातात दिली. तळ म्हशीच्या कातड्याचा, वेणी बकऱ्याच्या. हाताला जड लागली. चुका नाहीत, तळाचे पदर चामड्याच्याच वादीने आरपार शिवलेले, उलट्या बाजूलाही टाका दिसतो. कापलेल्या कडेला वरपासून खालपर्यंत एकच तपकिरी रंग. नाकाजवळ नेली आणि अण्णांना काय सापडत नव्हतं ते कळलं. सालीचा तुरट, ओलसर वास. माझ्या चपलेला नुसता चिकटवायच्या सोल्यूशनचा.

मामांनी बोट पाण्यात बुडवून एक थेंब तळाच्या मागच्या बाजूला सोडला. थेंब बघता बघता आत गेला आणि डाग गडद झाला. “वरनं पॉलिश असंल तर थेंब थांबतो बरं का,” त्यांनी लगेच बजावलं. “म्हणून कडंला बघायचं, न्हाईतर उलट्या अंगानं.” कडेचा धागा जाळून वास घ्यायचाही एक उपाय आहे, कातडं जळक्या केसासारखं वास मारतं आणि रेक्झिन वितळतं. पण दुकानात काडी ओढणार कोण?

मी फोनवर मापाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, “बसवून काढलंय?”

“हो, कॉटवर. सकाळी.”

“मग ह्यावर खऱ्यानंबी चप्पल केली असती तरी चावलीच असती.”

बसलेल्या माणसाच्या पावलावर वजन नसतं. उभं राहिलं की चवडा पसरतो. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एक नसतो, दिवसभरात थोडी सूज येतेच. पेन्सिल तिरकी धरली की रेघ आत जाते. आणि मुख्य म्हणजे कागदावर फक्त पावलाची सावली येते, उंची येत नाही. पट्टा बसतो तो पावलाच्या चढावर, तिथला घेर सुतळीने वेगळा मोजायचा. अंगठ्याची पकड कुठे टोचायची हे तर पाय समोर असल्याशिवाय त्यांना ठरवताच येत नाही. एवढं सांगून ते म्हणाले, “त्यांनी तुम्हाला उलट काय इचारलं का?” नाही. एकही प्रश्न नाही. नुसतं ‘नोटेड’.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. बोटभर रुंद पाय ऐकून ज्याला काहीच विचारावंसं वाटत नाही, तो चप्पल शिवणारा नव्हे.

आता पैशांचं. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळाला, आणि दोनच दिवसांत त्या पानावरून फोन आला. इतके दिवस न सापडणारा माणूस अचानक सापडला. हजार रुपयांचं कूपन देतो म्हणाला, त्याच्याच दुकानाचं! मी नाही म्हटलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मापावर केल्याची सबब तिथे चालायची नाही, कारण आधी ती मापावर केलेली तरी हवी. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवणंही बंधनकारक आहे. त्या पानावर यातलं काही नव्हतं, फक्त एक मोबाइल नंबर. आठवडाभरात तोही बंद झाला आणि पान गायब. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही, पण नोटीस पाठवायची कुठे? नाव नाही, पत्ता गोडाऊनचा. मी नंतर हौसेने त्या पत्त्याचा शोध घेतला, तर तिथून चपला, मोबाइलची कव्हरं आणि केसांचं तेल जातं. पैसे आले नाहीत. पैसे पाठवण्याआधी त्या पानाचे फोटो काढून ठेवले असते, तर हातात काही तरी राहिलं असतं. मी काढले ते पान अर्धं रिकामं झाल्यावर.

सुभाषनगरातून निघताना मी मामांना म्हटलं, तुम्हीच करून द्या अण्णांना एक कापशी, किंमत सांगा. त्यांनी पायाला काय झालं होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. साखर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

“मग अंगठ्याची न्हाई करणार मी.”

मी म्हटलं, घरातल्या घरात घालतील. तरी नाही. वेणीवरचे डोळे न उचलता मावशी म्हणाल्या, “तुमी कितीबी द्या, त्ये न्हाई करायचे.” थोडा वेळ गेला आणि मामाच म्हणाले, मागनं बंद, वर रुंद पट्टा, आतून मऊ अस्तर असं काही जमतंय का बघतो. पण कागद नको. डॉक्टरांना विचारून माणूसच घेऊन या, आणि संध्याकाळचं या.

डॉक्टर हो म्हणालेत, जखम पूर्ण भरल्याला दोन महिने झाले की. अण्णांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. ती चिरलेली चप्पल त्यांनी टाकू दिलेली नाही. कुणी घरी आलं की एकेक पदर काढून दाखवतात आणि विचारतात, “बघा, ह्यात जनावर हाय कुठं?”