लडीवरून कोन भरणारे ड्रम वाइंडिंग मशीन : दीड वर्षाचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. रंगवलेले सूत आमच्याकडे लडीच्या रूपात येते आणि वार्पिंगच्या (मागासाठी उभे धागे बीमवर गुंडाळण्याच्या) क्रीलवर, म्हणजे सुताच्या घोडीवर, लावण्याआधी ते कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या नळीवर, भरावे लागते. त्यासाठी आम्ही 24 ड्रमचे हे मशीन घेतले. बनवणाऱ्याचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी जमेची बाजू. ड्रमवरची खाचच सुताला डावीउजवीकडे नेते, त्यामुळे मागेपुढे धावणारा वेगळा भाग नाही आणि त्याची देखभालही नाही. 80 मिमी व्यासाचा ड्रम मिनिटाला 1000 फेऱ्या घेतो तेव्हा साधारण 250 मीटर सूत भरले जाते, आणि कोन ड्रमला टेकूनच फिरत असल्यामुळे तो जाड होत गेला तरी हा वेग तसाच राहतो. लडीच्या सुताला याहून अधिक वेग द्यावा असे मला वाटत नाही, कारण लडीत एक फेरा अडकला की 2/20 चे दुपदरी सूतसुद्धा टिकत नाही. आवाज आणि विजेचा खर्च याबाबत तक्रार नाही.

खरी अडचण कोनावर पडणाऱ्या पट्ट्याची आहे. आमच्या ड्रमची खाच दोन वेढ्यांची असल्याने सूत एकदा जाऊन परत येईपर्यंत ड्रमच्या चार फेऱ्या होतात; तेवढ्या वेळात कोनाच्या नेमक्या पूर्ण फेऱ्या झाल्या, तर प्रत्येक नवा थर आधीच्याच थरावर बसतो. हिशेब केला तर हे कोनाचा सरासरी व्यास 80, 107 आणि 160 मिमीच्या आसपास असताना घडते, आणि आमच्या कोनांवर चकचकीत, कडक पट्टे बरोबर तिथेच दिसत. क्रीलवर अशा जागी एकाऐवजी तीनचार वेढे एकदम घसरून येतात आणि टॉवेलच्या लूपचे उभे धागे ज्यावर गुंडाळतात त्या बीममध्ये गुंता होतो. ड्रमचा वेग दर काही सेकंदांनी झटक्याने कमीजास्त केला, की कोन ड्रमवर क्षणभर घसरतो आणि हा मेळ मोडतो. ही सोय मूळ मशीनमध्ये नव्हती. आम्ही मोटरचा वेग बदलणारा इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बसवून घेतला, आणि पट्टे पुष्कळ कमी झाले.

दुसरी तक्रार दिसायला क्षुल्लक आहे. सूत ज्या पोर्सिलेनच्या गाइडमधून जाते, त्यांत पाचव्या महिन्यातच चरे पडले. डोळ्यांना ते दिसत नाहीत; नख फिरवले की अडते. काळ्या सुताच्या ड्रमखाली राखेसारखी बारीक लव साचू लागली, तेव्हा आमच्या वाइंडिंगवरच्या मावशींनी ते प्रथम ओळखले. मी मात्र तोवर रंगाऱ्याला दोष देत होतो. चऱ्यातून घासत गेलेल्या सुताला लव सुटते, ते मागावर अधिक तुटते, आणि तुटीचे खापर भलत्याच माणसावर फुटते. सगळे गाइड बदलून अॅल्युमिना सिरॅमिकचे बसवल्यानंतर वर्ष होत आले, अजून नख अडलेले नाही. सुताला ताण देणाऱ्या टेन्शनरच्या चकत्यांखाली मात्र रोज कापूस साचतो आणि पाळी बदलताना तो फुंकून काढावाच लागतो, नाहीतर एक कोन दगडासारखा आणि शेजारचा पोचट भरतो.

एवढे करूनही दुसरे मशीन त्याच कारखान्याकडून घेत आहोत, कारण ड्रमचे काम खरोखर चोख आहे. या वेळी इन्व्हर्टर आणि सिरॅमिक गाइड ऑर्डरमध्येच लिहून घेतले आहेत, आणि आगाऊ रक्कम त्यानंतरच दिली आहे.