जिममधली वजने की गच्चीवरची रबर ट्यूब : लांब हातांच्या जलतरणपटूने काय निवडावे?

पोहण्याच्या स्पर्धांसाठी ताकद वाढवायची ठरवली की जमिनीवरचा व्यायाम जिममधल्या यंत्रांवर करावा की रबर ट्यूबवर, हा प्रश्न पडतोच. मी आधी दोन वर्षे जिममध्ये घालवली आणि गेली चार वर्षे माहीमला आमच्या इमारतीच्या गच्चीवर ट्यूब ओढतो आहे. दोन्हींची बाजू मांडतो. मात्र सुरुवात शरीराच्या ठेवणीपासून करतो, कारण सल्ला देणारे बहुतेकदा तीच विचारात घेत नाहीत.

माझी उंची १६८ सेंटिमीटर आहे आणि दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर १७७ भरते. धड लांब, पाय त्या मानाने आखूड. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याची उंची १९३ आणि हातांचा पसारा सुमारे २०१ सेंटिमीटर असल्याचे सर्वश्रुत आहे, त्यामुळे अशा बांध्याच्या मुलाला तलावावर सगळे भाग्यवान म्हणतात. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. भरलेली बादली कोपर अंगाशी ठेवून सहज पेलते, पण तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो; लांब हाताने पाणी ओढताना नेमके हेच होते. पाण्याला तेवढाच रेटा द्यायचा तर खांद्याला आणि पाठीच्या रुंद स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. त्यात पाण्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर अवरोध सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने. हात लांब पण पाठ कच्ची असेल तर कॅचच्या वेळी, म्हणजे हात पुढे पूर्ण ताणलेला असताना पाणी पकडायच्या क्षणी, कोपर खाली पडते आणि लांबीचा फायदा तिथेच वाया जातो.

वजनांचे गुण मी नाकारणार नाही. किती उचलले याचा आकडा मिळतो, पुढच्या महिन्यात तो वाढला की नाही हे कळते, आणि पायांसाठी तर बारबेल घेऊन केलेल्या स्क्वॉटला, म्हणजे खांद्यांवर वजनाची दांडी घेऊन मारलेल्या बैठकांना, ट्यूब हा पर्याय नाही. ५० मीटरच्या शर्यतीत ब्लॉकवरून उडी आणि पहिले काही मीटर यांवर बरेच ठरते, आणि ती उडी पायांच्या जोरावरच लांब जाते.

माझे मन उडाले ते लॅट पुलडाउनच्या, म्हणजे बसून वरची दांडी खाली ओढायच्या यंत्रामुळे. आमच्या जिममधल्या यंत्राची बैठक एकाच उंचीवर पक्की बसवलेली होती आणि वरून लोंबणारी दांडी सरासरी बांध्याच्या माणसाला पुरेल अशी. मी बसलो की माझे लांब धड आणि लांब हात मिळून ती दांडी फार लवकर हाती येई. दांडी वर सोडताना माझे हात सरळ होण्याआधीच खालची वजने एकमेकांवर आपटून थांबत. ठण् असा आवाज आला की समजायचे, आता हातांवर काहीही भार नाही. आणि कोपरांचा बाक अजून तसाच असे. ज्या शेवटच्या वीतभर टप्प्यात मला पाण्यात ताकद हवी होती, तोच टप्पा यंत्र मला देत नव्हते. बैठकीवरून खाली सरकून पाहिले, तर मांड्यांवरची गादी सुटून मीच दांडीबरोबर वर उचलला जाई. व्यवस्थापकांना दोनदा सांगितले, त्यांनी ऐकून घेतले, पण यंत्र बदलले नाही. दोन वर्षांत माझा आकडा वाढत गेला आणि कोपर पाण्यात पडायचे ते पडतच राहिले.

ट्यूबला माझ्या मापाशी देणेघेणे नाही. कठड्याला मधोमध अडकवायची, कमरेतून वाकायचे, दंड कानांशी आणायचे आणि हात पूर्ण सरळ असतानाही ताण जाणवेल इतके मागे जायचे. मी गच्चीच्या फरश्या मोजतो: उन्हाळ्यात आठव्या फरशीवर होतो, आता दहाव्यावर आहे. दोष मात्र सांगायलाच हवेत. ट्यूब सुरुवातीला सर्वांत हलकी आणि शेवटी सर्वांत जड असते, म्हणजे मला हवे त्याच्या उलट. मागे सरकल्याने हे कमी होते, संपत नाही. शिवाय मुंबईच्या उन्हात आणि दमट हवेत रबर लवकर खराब होते. एका जुलैमध्ये बारीक चिरा पडलेली ट्यूब माझ्या हातात तुटली आणि मनगटापासून कोपरापर्यंत वळ उठला. तेव्हापासून ओढण्याआधी ती बोटांनी पूर्ण चाचपतो आणि दर सहा महिन्यांनी नवी आणतो.

पहिल्या वर्षअखेरीस ५० मीटरच्या तलावाचे एक अंतर तेवढ्याच वेळात पोहताना मी मारत असलेल्या हातांची संख्या ४१ वरून ३७ वर आली. त्यात सरांनी दुरुस्त केलेल्या तंत्राचाही वाटा असेल, त्यामुळे सगळे श्रेय मी ट्यूबला देणार नाही. आणि ज्याचा बांधा यंत्राला जुळतो, त्याने जिम सोडण्याचे कारण मला दिसत नाही. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचे गणितही वेगळे असते, कारण त्यात पायांचा वाटा मोठा असतो आणि हातांच्या लांबीवर सगळे अवलंबून राहत नाही. जपानच्या कोसुके किताजिमाने ब्रेस्टस्ट्रोकमध्ये २००४ आणि २००८ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदके १७८ सेंटिमीटर उंचीवर जिंकली. अशा मुलामुलींना स्क्वॉटसाठी जिम लागेलच.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल आणि एका वर्षात त्याच्या शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या असतील, तर मी त्याच्या आईवडिलांना आधी ट्यूबच सुचवेन, कारण त्या वयात हात झपाट्याने लांब होतात आणि खांद्यांची ताकद मागे राहते. जिममध्ये जायचेच असेल तर वर्षाचे पैसे भरण्याआधी त्याला पुलडाउनच्या बैठकीवर बसवावे, दांडी वर सोडायला सांगावी आणि हात सरळ होण्याआधी वजने आपटतात का, ते कान देऊन ऐकावे.