फारसी मुलांची शब्दसंपत्ती मोजायची: पीबॉडी घ्यावी की सीएलटी?

तीन ते सहा वर्षांच्या फारसीभाषक मुलाला किती शब्द समजतात हे तपासायला चाचणी बेतायची असेल, तर दोन वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत: पीबॉडी चित्र-शब्द चाचणी आणि सीएलटी (क्रॉस-लिंग्विस्टिक लेक्सिकल टास्क्स, म्हणजे अनेक भाषांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेल्या शब्दचाचण्या).

पीबॉडी ही जुनी चाचणी. लॉइड आणि लिओटा डन या दांपत्याने ती १९५९ मध्ये अमेरिकेत आणली. परीक्षक शब्द उच्चारतो, मूल चारपैकी एका चित्रावर बोट ठेवतं. बोलायची गरज नाही, त्यामुळे लाजऱ्या किंवा उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलालाही ती सोयीची पडते.

अडचण आहे शब्दांच्या क्रमाची. चौथ्या आवृत्तीत २२८ शब्द बारा-बाराच्या गटांत मांडले आहेत आणि एका गटात आठ चुका झाल्या की चाचणी थांबते. शब्द सोप्याकडून अवघडाकडे जात असतील तरच हा नियम न्याय्य ठरतो, आणि तो क्रम अमेरिकन मुलांवरून ठरलेला आहे. फारसीत तो मोडतो. शहामृगाला फारसीत ‘शोतोर-मोर्ग’ म्हणतात, म्हणजे उंट-पक्षी. शब्द माहीत नसलेलं मूलही ‘मोर्ग’ ऐकून पक्ष्याकडे बोट दाखवेल. म्हणून नुसतं भाषांतर करून भागत नाही: प्रकाशकाची परवानगी, शब्दांची अदलाबदल, नवा क्रम आणि इराणी मुलांवर काढलेली मानकं (कोणत्या वयाला किती गुण अपेक्षित), एवढं सगळं लागतं.

सीएलटी युरोपातल्या संशोधकांनी २००९ नंतरच्या एका संयुक्त प्रकल्पात घडवली. तिच्यात चित्रांचा साठा सामाईक असतो, पण शब्द त्या-त्या भाषेच्या निकषांवर निवडतात. नामं आणि क्रियापदं, समजणं आणि बोलणं, असे चार भाग असतात. फारसीसाठी क्रियापदांचा वेगळा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण फारसीत साधी क्रियापदं थोडी आणि जोडक्रियापदं (बहुधा नाम अधिक क्रियापद) भरपूर. ‘जारू कर्दन’ म्हणजे झाडणे; त्यातला ‘जारू’ म्हणजे झाडू. चारपैकी एकाच चित्रात झाडू असेल तर मूल क्रिया न समजताही बरोबर ठरतं. बाकीच्या चित्रांतही झाडू हवाच, फक्त त्याचं काही वेगळं चाललेलं. (मराठीत ‘रंग देणे’, ‘कुलूप लावणे’ तपासतानाही हीच काळजी घ्यावी लागेल.)

इराणात घरी अझेरी किंवा कुर्दी या वेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. फारसीत गुण कमी आले म्हणजे भाषादोष आहे असं होत नाही. सीएलटी द्विभाषिक मुलं डोळ्यांसमोर ठेवूनच रचली आहे. दोन्ही भाषा समांतर तपासता येतात. मात्र ती छोटी आहे आणि मोठ्या मुलांना सोपी जाते. सहाच्या पुढे मोठा पल्ला मोजायचा असेल, हाताशी वेळ आणि पैसा असेल, तर पीबॉडीसारखी लांब चाचणीच हवी. बालवाडीच्या वयासाठी मी सीएलटीच निवडेन.

कुठलीही घेतली तरी शब्द घरच्या उच्चारात विचारा: तेहरानच्या घरात ‘नान’ नव्हे, ‘नून’ म्हणतात. फारसी बोलणाऱ्या अफगाण कुटुंबातली मुलं असतील तर शब्दयादीच वेगळी लागेल. बटाटा तेहरानला ‘सीब-ज़मिनी’, काबूलला ‘कचालू’.