चेकची केस: लढवायची की मिटवायची?

चेक वटला नाही की कलम १३८ ची नोटीस, पैसे भरायला १५ दिवसांची मुदत, मग समन्स, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फौजदारी म्हटलं की घरचे हादरतात, पण गुन्हा जामीनपात्र आहे, चेक परत गेला म्हणून पोलीस लगेच दारात येत नाहीत. खरा पेच त्यापुढचा. माझ्या बाबतीत, सुताच्या व्यापाऱ्याकडे तारण म्हणून सही करून ठेवलेला चेक होता. निम्म्याहून जास्त पैसे फिटल्यावर त्याने तो पूर्ण रकमेचा भरून बँकेत टाकला.

लढायला जागा होती. सही आपली असली की देणं आहे असं कोर्ट धरून चालतं, कोरा होता म्हणून भागत नाही. पण ते खोडायला संशयातीत पुरावा लागत नाही, आपलं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चेक दिल्यावर काही रक्कम फिटली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेसाठी तो वटवायला टाकला, तर १३८ चा गुन्हा होत नाही. वकीलसाहेब खुशीत होते. गुन्हा नाकबूल केला की केस चालू असतानाच फिर्यादीला चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो, तेवढं सोसायची माझी तयारी होती.

हजेरी मात्र सोसवेना. टॉवेलची उधारी वसूल करायला मला स्वतः हैदराबादला जावं लागतं, पोरांना पाठवलं तर तिथले व्यापारी चहा पाजून परत पाठवतात. तारीख नेमकी त्याच आठवड्यात यायची. मग गैरहजेरीचा अर्ज, तो मंजूर होईपर्यंत जीव टांगणीला. एकदा नामंजूर झाला आणि वॉरंट निघालं. ते रद्द करून घेतलं, पण तोवर जामीनदाराला नोटीस गेली होती. जामीनदार आमचे दाजी, मोहोळकडचे, सातबारा त्यांचा. दाजी एका शब्दाने बोलले नाहीत. ताई बोलली. आणि त्या तारखांना फिर्यादी कित्येकदा आलेलाच नसायचा. इथेच सोलापुरात, चाटी गल्लीत दुकान मांडून बसलेला असायचा.

लोकअदालतीत मिटवलं. नसलेल्या देण्यातले काही पैसे गेले, ते अजून सलतात. रोजच्या रोज दुकानात बसणाऱ्याला, ज्याचे सगळे पैसे बँकेतूनच गेलेत त्याला, मी कदाचित लढ म्हणेन. माझ्यासारखं निम्मं रोखीत, मुनीमजींच्या चिठ्ठ्यांवर असेल, तर लवकर तडजोडीला बसलेलं बरं. सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निकालाप्रमाणे बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी मिटलं तर तडजोडीच्या रकमेवर जादा खर्च पडत नाही. नंतर पण निकालाआधी मिटलं तर चेकच्या ५ टक्के, सेशन्स किंवा हायकोर्टात साडेसात.

हप्ते मात्र झेपतील तेवढेच कबूल करा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि हप्ता चुकला तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली लागते. शेवटच्या हप्त्यानंतर सगळे पैसे मिळाल्याची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, फिर्यादीच्या सहीने घ्या, आणि त्याच्याकडचे बाकीचे कोरे चेकही त्याच दिवशी मागा. माझे आणखी दोन त्याच्या कपाटात निघाले.